उमेळ्याच्या आंब्यातली लिंपलेली ढोली

यमूचा निरोप तिच्या दिराने तोंडी आणला. "वहिनीने सांगितलंय, बाबांना घेऊन चार दिवस उमेळ्याला या. पाखरं बघायला." लेक आईबापांना सासरी बोलावते आणि तेही पाखरं बघायला, हे काही मला सरळ वाटलं नाही. पण दिराला जास्त विचारणं बरं दिसलं नसतं. त्याला चहा दिला, लाडू दिला, आणि तो जिना उतरल्यावर ह्यांना म्हटलं, "जायचं."

हे म्हणाले, "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली. आणि तू चार दिवस म्हणतेस. विहिणीच्या घरी!"

"अक्कल इथेच कल्याणला ठेवून जाऊ," मी म्हटलं. "परत आल्यावर घेऊ."

माझ्या पाखरांच्या नादाबद्दल दोन शब्द आधीच सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं. मी मराठी तिसरी शिकलेली. पुतण्याने जुन्या बाजारातून चित्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं, त्यातली अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण चित्रं वाचता येतात. अनोळखी पाखरू दिसलं की मी आधी माप घेते. चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार ही माझी चार मापं. यांतल्या कोणाएवढं आहे? मग चोच, मग शेपूट, मग उडतं कसं आणि खातं काय. रंग सगळ्यात शेवटी. उन्हात आणि सावलीत एकाच पाखराचे दोन रंग दिसतात, रंगावर विसंबला तो फसला.

वैशाखाचे दिवस होते. दादरला गाडी बदलली. दुपारची वेळ, डबा अर्धा रिकामा, खिडकी मिळाली. तुम्ही या बाजूला जाणार असाल तर भाईंदर सुटल्यावर झोपू नका. खाडीच्या पुलाच्या अलीकडेपलीकडे मिठागरं आहेत. पांढऱ्या मिठाच्या राशी, मध्ये उथळ पाणी, आणि पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे, जणू कोणी काड्यांवर चढवून ठेवलेत. हे पेंगत होते. मी कोपर मारून दाखवले तर म्हणाले, "बगळे." ह्यांच्या लेखी जगात कावळा, चिमणी आणि बगळा अशी तीनच पाखरं.

स्टेशनावरची पाटी 'बसीन रोड' म्हणते, लोक वसईच म्हणतात. बाहेर टांगे उभे असतात. भाडं बसायच्या आधी ठरवा, सामान उचलू देण्याच्याही आधी. आमचा टांगेवाला बस्त्याव नावाचा, गळ्यात क्रूस, तोंडात विडी. मी मान वर करून आभाळात बघते आहे हे त्याच्या लक्षात आलं.

"काय हरवला काय वरती, मावशी?"

"तो पक्षी बघितलास का? तो चाललाय तो."

राखी रंगाचा होता. घारीपेक्षा लहान, पण लांब शेपटीमुळे मोठा भासत होता. पंख चार वेळा मारायचा आणि मग नुसता तरंगत जायचा, की पुन्हा चार वेळा. ओरडला तेव्हा घारीसारखा चिरका आवाज आला.

"घार असंल," बस्त्याव म्हणाला.

घार नव्हती. घार अशी धापा टाकत उडत नाही. पण तेवढ्यात तो ताडांच्या मागे गेला.

उमेळ्याच्या वाटेला दोन्ही बाजूंनी केळीच्या वाड्या आहेत. बाहेर धुळीचा रस्ता आणि ऊन, आत शिरलं की गारवा आणि ओल्या मातीचा वास. वाडीत पाणी फिरवायला मातीचे पाट असतात, आणि विहिरीवरचा रहाट रेडा जुंपून चालवतात. मडक्यांची माळ भरून वर येते, पन्हळीत ओतते, पुन्हा खाली जाते. त्याची करकर दोन वाड्या पलीकडे ऐकू येते. आम्ही यमूच्या घराजवळ पोचलो तेव्हा ती करकर काही कानी आली नाही. विहीर होती, रहाट होता, आणि रहाटाला साखळी घालून कुलूप ठोकलेलं होतं.

विहीणबाईंनी स्वागत छान केलं. त्यांचं नाव जानकीबाई. अंगाने थोराड, आवाज भरदार, आणि घरात त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पाय धुवायला पाणी, मग सुकेळी. सुकेळी म्हणजे पिकलेली केळी सोलून उन्हात सुकवलेली, वसईची खासियत. रंग काळसर, चव मधाला लाजवणारी. इथून जाताना दुसरं काही नेलं नाही तरी ही न्याच.

रात्रीचा स्वयंपाक करताना यमूने चुलीपाशी हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

गेल्या वर्षी वाटण्या झाल्या. अर्धी वाडी विहीणबाईंची, अर्धी त्यांच्या धाकट्या जावेची, आनंदीकाकीची. काकी विधवा, मूलबाळ नाही, एकटी राबते. विहीर सामाईक, रहाट सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, एक दिवस हिचा, एक दिवस तिचा. सगळं बरं चाललं होतं. मग बांधावरच्या जुन्या रायवळ आंब्याची ढोली कोणीतरी लिंपून टाकली. झाडाखाली पिसं पडायला लागली, कसल्या कसल्या बिया, पालीचं शेपूट. आणि एका पहाटे सासूबाईंना त्याच आंब्याखाली काकी दिसली, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली.

"सासूबाई म्हणतात करणी केली. त्या दिवशी रहाटाला कुलूप घातलं. काकी डोक्यावरून घागरी आणून जगवते आहे केळी, पण किती जगवणार? पिवळी पडलीत. आणि परवा करवतवाले येणारेत. झाड पाडणार, ढोली फोडणार, आणि त्यात जे निघेल ते पंचांपुढे ठेवणार." यमूने भाकरी उलटली. "आई, ढोलीवर मी एकदा पाखरू बघितलं. मोठं होतं. पण मी सांगून कोण ऐकणार?"

आता माझी अडचण ऐका. मी मुलीची आई. विहिणीच्या दारात माझ्या शब्दाचं वजन पावशेर. मी म्हटलं, 'विहीणबाई, तुमचं चुकलं,' तर चार दिवसांनी मी कल्याणला जाणार आणि बोलणी खाणार यमू.

सकाळी विहीणबाईंनीच मला आंबा दाखवला. ढोली दोन पुरुष उंचीवर. तोंड खरंच लिंपलेलं, काळपट करड्या रंगाचं, दगडासारखं घट्ट. मधोमध उभी चीर तेवढी उघडी, दोन बोटं जातील न जातील एवढी.

"बघा," त्या म्हणाल्या. "मान्साच्या हाताबिगर असं लिंपन होतं का?"

मी खाली वाकले. पिसं राखी, लांब, कडेला पांढुरकी. बिया करवंदाच्या.

"आमच्या वाडीत करवंदाची जाळी हाय का? नाय. मंग बिया आल्या कुठून? डोंगरातून कोनी आनून टाकल्या?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तरही मला जवळजवळ सुचलं होतं. पण चित्रात बघितलेलं आणि डोळ्यांनी बघितलेलं यात ताकाचा आणि दुधाचा फरक. मी म्हटलं, "खरंच नवल आहे बाई," आणि पदराला हात पुसले. आम्ही बोलत उभ्या होतो तोवर झाडावर काही म्हणजे काही आलं नाही.

त्या दुपारी आम्ही पाचूबंदरला गेलो. वसई गावापर्यंत टांगा, पुढे किल्ल्याच्या कडेने चालत. ऊन फार, टोपी-छत्री काहीतरी न्या, आणि पाणी बरोबर ठेवा. किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या भिंतींत पोपट आणि पारवे राहतात. बंदरावर होड्या लागल्या होत्या आणि मासळीचा लिलाव चालू होता. वर तांबड्या पाठीच्या, पांढऱ्या डोक्याच्या घारी घिरट्या घालत होत्या. आपल्या गावातली घार वेगळी, ही समुद्राकाठची. शेपूट बघा, आपल्या घारीचं दुभंगलेलं, हिचं गोल. मी वर बघत उभी राहिले आणि एका कोळणीच्या टोपलीला पाय लागला.

"अगो आयो, पाखरां काय बगतंस? म्हावरं बग, म्हावरं!"

"तुझं म्हावरं त्या घारीच बघतायत गं," मी म्हटलं.

"त्यांना फुकट, तुला इकत," ती म्हणाली, आणि सगळ्या जणी हसल्या. हे तिच्याकडून बोंबील घेऊन मोकळे झाले. ओले बोंबील इथे खावेत, तांदळाच्या भाकरीबरोबर. हे परतीच्या वाटेवर माझ्यापेक्षा जास्त खुशीत होते.

संध्याकाळी वाडीत शिरलो तर बांधाच्या पलीकडे आनंदीकाकी बसलेली. वाळकी, उन्हाने रापलेली बाई. पाटाच्या कडेला चिखल थापत होती. हात कोपरापर्यंत भरलेले. मी थांबले. ओळख यमूच्या लग्नातली, तेवढ्यावर बोलणं सुरू केलं.

"पाणी तर सुटत नाही म्हणे. मग पाट कशाला लिंपतेस गं?"

"रोजच लिंपते. पहाटं नि सांजचं." तिने वर बघितलंही नाही. "खेकडं भोकं पाडतात, उन्हानं भेगा जातात. पाळी परत मिळंल त्या दिवशी पाट फुटका असला तं पानी जाईल कुठं?"

"त्या दिवशी पहाटे आंब्याखाली..."

"पाट आंब्याखालूनच जातो ना बाय. मी लिंपू कुठं, आभालात?"

मी तिच्या केळींकडे बघितलं. खालची पानं करपून लोंबत होती. पण पाट मात्र विहिरीपासून शेवटच्या केळीपर्यंत गुळगुळीत, एक भेग नाही.

त्या रात्री जेवताना मी विहीणबाईंना म्हटलं, "मला एक भीक घाला. उद्या करवतवाले यायच्या आधी मला त्या ढोलीवर नजर ठेवायची आहे. पण एकटीला भीती वाटते. तुम्ही सोबत बसाल का?"

भीतीचं नाव काढल्यावर विहीणबाईंचा चेहरा मऊ झाला. "घाबरायला काय झालं? मी हाय ना."

ह्यांनी ताटातून वर बघितलं. तीस वर्षांच्या संसारात मी झुरळालासुद्धा भ्यालेली ह्यांनी बघितली नव्हती. पण पुन्हा ताटात मान घातली. नवरा चांगला असण्याची ही एक खूण.

उजाडताच आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो. पुढ्यात भिजवलेले वाल, सोलायला. पाखरं बघायला बसायचं असेल तर हाताला काम घेऊन बसा. हात हलते राहिले की जीव उतावीळ होत नाही, आणि पाखरालाही तुम्ही घरातलंच कोणी वाटता. समोर आंबा, त्यावर कोवळं ऊन. बुलबुल येऊन गेले. एक तांबट कुठेतरी ठोकत होता. वालांचा अर्धा ढीग सोलून झाला.

मग तो चिरका आवाज आला.

चार वेळा पंख, एक तरंग. चार वेळा पंख, एक तरंग. तो आला आणि ढोलीशेजारच्या फांदीवर बसला. आता मापं घ्यायला सवड होती. अंग कावळ्याहून मोठं, शेपूट लांब. रंग धुतलेल्या राखेचा. डोळे लाल. आणि चोच काय सांगू! कोयत्यासारखी वाकडी, आणि तिच्यावर आणखी एक लहानसं शिंग.

"कोन हाय तो?" विहीणबाई कुजबुजल्या. "घार?"

"तुम्हीच बघा. घारीची चोच अशी असते?"

"नाय बा. ही तं दुहेरी हाय."

त्याने मान ताणली, गळा हलवला, आणि चोचीच्या टोकाशी एक करवंद आणलं. गिळलेलं परत वर काढलं होतं. मान वाकडी करून ते त्याने चिरेत धरलं. आतून दुसऱ्या चोचीचं टोक बाहेर आलं आणि करवंद घेऊन आत गेलं.

विहीणबाईंच्या हातातला वाल खाली पडला. "आत कोनीतरी हाय!"

"त्याची बायको," मी म्हटलं.

पुन्हा गळा हलला, पुन्हा करवंद. मग उंबर. एकामागून एक, कोटाच्या खिशातून काढावेत तसे तो काढत होता. मी हळूहळू सांगत गेले. याला धनेश म्हणतात. मादी अंडी घालायची वेळ आली की ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. नर बाहेरून चिखल आणून देतो, ती आतून आपल्या विष्ठेत कालवून थापते, त्याचा दगड होतो. मग पिलं मोठी व्हायला येईपर्यंत ती आत. पिसंही आतच झाडते, थोडी चिरेतून खाली पडतात. बिया त्याच चिरेतून बाहेर टाकते. पाल हा आणतो.

"आनि हा मेला तं?"

"तर आतली उपाशी."

तो उडून गेला, थोड्या वेळाने परत आला, या खेपेला चोचीत पाल. मग त्यांच्या गळ्यातून एक चमत्कारिक आवाज निघाला. मी घाबरून बघितलं तर त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"काय झालं?"

"माझ्या पयल्या बाळंतपनात सासू नुसता मऊ भात घालायची. भुकेनं जीव जायचा. तं यमूचे सासरे खोलीच्या गजांतून सुकेळी द्यायचे. एक एक. असेच मान वाकडी करून." त्यांनी डोळे पुसले. "गेले बिचारे. पन अगदी असेच."

तेवढ्यात करवतवाले आले. दोघे जण, खांद्यावर लांब करवत, कुऱ्हाडी.

विहीणबाई उठून पडवीच्या पायरीवर उभ्या राहिल्या. "परत जा. झाड पाडायचं नाय."

"का हो आत्ये? आमी कामनवरून चालत आलो."

"आत बाळंतीन हाय."

"घरात? मंग झाडाचं काय?"

"घरात नाय रं. झाडात!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, घरात निदान एक पुरुष शुद्धीवर असेल या आशेने. हे चहा पीत बसले होते. म्हणाले, "हो, झाडात. नवरा आत्ताच खाऊ देऊन गेला."

करवतवाल्यांतल्या थोरल्याने वर बघितलं, चीर बघितली, आणि त्याला उमगलं. "धनेश व्हय! याचं तेल गुडघ्याला लई गुनकारी. काढून देऊ का? दादांचे गुडघे दुखत असतील."

ह्यांचे गुडघे दहा वर्षं दुखतात. "माझे गुडघे?" हे ताडकन उठून उभे राहिले. "उत्तम आहेत!"

विहीणबाईंनी दोघांना भाकरी-बोंबील खाऊ घालून वाटेला लावलं. वर बजावलं, "बाळंतिनीच्या खोलीला कुऱ्हाड लावनारा नि तिच्या घोवाचं तेल काढनारा, दोघंबी नरकात जातात. गावात सांगा सगल्यांना."

मी वाल सोलत बसून राहिले. करणीचा शब्द त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. ज्याने त्याने आपला चिखल आपण धुवावा. पण रहाटाची साखळी मला बसल्या जागेवरून दिसत होती, आणि पलीकडे पिवळी केळीही.

दुपारी त्यांनी कमरेची किल्ली काढून यमूपुढे टाकली.

"जा, काकीला सांग. सकालच्या पारी रहाट करकरला तं पाखरू बिचकतं. म्हून सकालचं कोनीच चालवायचं नाय. तिनं आपली पाळी सांजचं घ्यावी. आजच घ्यावी. नि म्हनावं, रेड्याला पानी दाखव आधी, उनाचा हाय तो."

यमू किल्ली घेऊन जवळजवळ धावतच गेली. उन्हं कलल्यावर रहाट सुरू झाला. मडकी एकामागून एक वर आली, पन्हळीत ओतली, आणि पाणी पाटाने निघालं. आंब्याखालून गेलं, बांध ओलांडून गेलं, शेवटच्या केळीच्या बुंध्याशी पोचलं. वाटेत पाट कुठेही फुटला नाही. आनंदीकाकी शेवटच्या आळ्यापाशी उभी होती. विहीणबाई पडवीतून ओरडल्या, "पाट बरा लिंपलाय गं!" एवढंच. पलीकडून उत्तर आलं, "रोजचंच हाय, वयनी." त्यांचं बोलणं सुरू झालं ते असं.

चौथ्या दिवशी निघालो. बस्त्यावचाच टांगा मिळाला. "सापडलं का मावशी, वरती हरवलेलं?" त्याने विचारलं. मी सांगितलं, आणि त्याने ते स्टेशन येईपर्यंत घोड्याला पुन्हा सांगितलं. सुकेळ्यांची पुडी, केळफूल आणि सुके बोंबील एवढं सामान वाढलं. बोंबील डब्यात बंद करून न्या, नाहीतर शेजारचे उतारू जागा बदलतात. त्याचा एक फायदाही असतो, ऐसपैस बसता येतं.

घरी आल्यावर मी ते जाड पुस्तक काढलं. चित्रातला धनेश जरा गुबगुबीत काढलाय आणि डोळा लाल नाही. मी पेन्सिलीने दुरुस्त करायला घेतला, पण राहू दिला. कल्याणच्या आमच्या खिडकीतून अजून तरी तो दिसलेला नाही. दर चिरक्या ओरडीला मान वर जाते, आणि हे न बघताच सांगतात, "घार." ह्यांच्या यादीत चार पाखरं झाली, हेही नसे थोडके.

आषाढात यमू माहेरी आली. तिला विचारण्याआधीच तिने सांगितलं. केळी तगली. दोघी जावांच्या पाळ्या चालू आहेत. आता भांडण आहे ते पाखराच्या बिया कोणाच्या बांधात पडतात आणि तिथे उगवलेली करवंदं कोणाची याचं, आणि ते मजेत चाललंय. विहीणबाई आल्यागेल्याला पडवीत बसवून ढोली दाखवतात आणि सांगतात की हे पाखरू मीच पहिल्यांदा ओळखलं. ओळखलं खरंच त्यांनीच. मी फक्त वाल सोलले.

मग यमूने पिशवीतून केळीच्या सोपटात बांधलेली पुडी काढली. आत डिंकाचे लाडू होते.

"सासूबाईंनी केलेत. काकीने डिंक कुटून दिला. आणि तुला निरोप सांगितलाय, अगदी याच शब्दांत सांग म्हणाल्या." यमूने पदर खोचला आणि हुबेहूब विहीणबाईंचा आवाज काढला. "विहिनीला सांग, लिंपन फुटलं. बाळंतीन उठली. दोन पोरं, दोन्ही बापाच्या चोचीवर गेलीत."